एकेक रेणू पाहायचा तर कॉन्फोकल घ्यावा की टर्फ?

कोकणपट्टीवरच्या एखाद्या कॉलेजात किंवा छोट्या प्रयोगशाळेत ‘सिंगल मॉलिक्यूल’चं काम सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे, ती मंडळी मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात. पैसे एका यंत्रापुरते आहेत, जागा एका खोलीची आहे. मग रेणू पाण्यात मोकळे सोडून कॉन्फोकलखाली बघायचे, की काचेवर बसवून टर्फखाली? (दोन्ही सूक्ष्मदर्शकच.) विचारणाऱ्याला फ्रेट म्हणजे काय, डोनर-ॲक्सेप्टर म्हणजे काय हे ठाऊक असतं, म्हणून ते इथे एका ओळीतच सांगतो: रेणूवर दोन चमकणारे डाय लावायचे, डोनर ऊर्जा घेतो आणि ॲक्सेप्टर जवळ असेल तर त्याला देतो, आणि किती दिली (तेच फ्रेट) त्यावरून दोघांमधलं अंतर कळतं. दोन्ही यंत्रांवर मी काम केलंय. स्वतःचं मांडायची वेळ आली तेव्हा रत्नागिरीत कॉन्फोकल मांडला. का मांडला ते सांगतो, आणि कुणी मांडू नये तेही सांगतो. लेझर चिमटे, नॅनोपोअर वगैरे मंडळी या लेखाबाहेर ठेवली आहेत. त्यांचा संसार वेगळा आहे.

आधी एक शंका काढून टाकू. दोन्ही वाटा चांगल्या मळलेल्या आहेत. 1989 मध्ये मर्नर यांनी एकाच रेणूने शोषलेला प्रकाश मोजला, तो द्रव हेलियमच्या थंडाव्यात, स्फटिकात अडकलेल्या पेंटासीनचा. आपल्याला हवा तसा, म्हणजे खोलीच्या तापमानाला पाण्यातला जैविक रेणू पुढच्या काही वर्षांत आवाक्यात आला. 1995 मध्ये जपानात यानागिदांच्या गटाने टर्फखाली मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचा एकेक रेणू एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, कसा वापरतो ते पाहिलं. 1996 मध्ये डायच्या एकाच जोडीतलं फ्रेट मोजलं गेलं, 1999 मध्ये पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या रेणूंचं, आणि 2000 मध्ये काचेवर बसवलेल्या आरएनएची घडी पडताना आणि उलगडताना दिसली.

‘पण दोन यंत्रांवर आकडे वेगळे आले तर खरे कुठले?’ हा प्रश्न पूर्वी रास्त होता. 2018 मध्ये 20 प्रयोगशाळांनी तेच ते डीएनएचे नमुने आपापल्या यंत्रांवर मोजले. त्यात कॉन्फोकलवालेही होते आणि टर्फवालेही. फ्रेटच्या आकड्यातली अनिश्चितता 0.02 ते 0.05 एवढीच निघाली. 2023 मध्ये 19 प्रयोगशाळांनी तसंच काम प्रथिनांवर केलं, आणि तिथेही मेळ बसला. सुधारणा नीट केल्या, म्हणजे डोनरची गळती, ॲक्सेप्टरचं थेट उजळणं आणि गॅमा (दोन रंग सारखे टिपले जात नाहीत त्याचा हिशेब), तर दोन्ही यंत्रं एकच उत्तर देतात. तेव्हा मापाच्या खरेपणावरून निवड करू नका. निवड होते ती आपला प्रश्न, आपली खोली आणि आपली हवा यांच्यावरून.

प्रश्न कसला आहे?

कॉन्फोकलमध्ये लेझर काचेपासून वीसेक मायक्रॉन वर, पाण्यात, जेमतेम फेमटोलिटरभर जागा उजळतो. रेणू 50 ते 100 पिकोमोलर इतके विरळ ठेवले की एका वेळी एखादाच तिथून जातो, मिलिसेकंदभर चमकतो आणि निघून जातो. त्याच्याकडून पन्नास-शंभर फोटॉन मिळाले तर भरपूर झालं. असे हजारो क्षण गोळा करायचे आणि फ्रेटचा कुठला आकडा किती वेळा आला याचा हिस्टोग्राम काढायचा. तोच रेणू पुन्हा भेटेल याची आशा धरायची नाही.

टर्फमध्ये प्रकाश काच आणि पाणी यांच्या सीमेवरून पूर्ण परावर्तित होतो आणि पाण्यात शे-दोनशे नॅनोमीटरच शिरतो. त्या पातळ थरात जे रेणू काचेला बांधलेले असतात तेवढेच उजळतात. कॅमेऱ्याच्या एका चौकटीत शेकडो रेणू एकदम दिसतात, आणि डाय जळून जाईपर्यंत प्रत्येकावर नजर ठेवता येते. डोनरची रेघ खाली, ॲक्सेप्टरची वर, मग एकदम अदलाबदल, पुन्हा मूळपदावर. मॅग्नेशियम घातलेल्या बफरमध्ये डीएनएचं हॉलिडे जंक्शन, म्हणजे चार फांद्यांचा सांधा, दोन रूपांमध्ये असं उड्या मारताना पहिल्यांदा पाहिलं की माणूस टर्फच्या प्रेमात पडतो. मी पडलो होतो, आणि ते प्रेम अजून आहे.

म्हणून तुमचा प्रश्न ‘किती वेळ थांबतो, कुठल्या क्रमाने जातो, मागे फिरतो का’ असा असेल तर उत्तर टर्फकडे आहे. हेलिकेज डीएनए उलगडताना कुठे अडखळतो, रायबोसोमवर टीआरएनए कुठल्या पायऱ्या घेतो, असले प्रश्न मिलिसेकंदभराच्या भेटीत सुटत नाहीत. ‘कोण कोण आहे, किती प्रमाणात आहे, परिस्थिती बदलली की प्रमाण कसं बदलतं’ असा प्रश्न असेल तर कॉन्फोकल ते काम सकाळच्या एका बैठकीत करून देतो.

आमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा होता. खाजणातल्या खारट चिखलात राहणाऱ्या एका जिवाणूचं प्रथिन आम्ही बघतो. मिठाची सवय असलेल्या अशा प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋणभार दाटीने असतात. मीठ कमी केलं की ते भार एकमेकांना ढकलतात आणि घडी सुटते, मीठ वाढवलं की पुन्हा पडते. नळीभर प्रथिनांची सरासरी मोजली तर ‘अर्धवट उलगडलेलं’ एवढंच कळतं. अर्धी प्रथिनं पूर्ण उलगडली आहेत की सगळीच थोडी थोडी सैल झाली आहेत, हे त्यातून कळत नाही. हिस्टोग्राममध्ये मात्र दोन टेकड्या उभ्या राहिल्या की विषय संपतो. एक टेकडी बसते, दुसरी वाढते, आणि मध्ये तिसरी डोकावते का ते शोधायचं. आमचं अर्धं काम एवढंच आहे.

इथे मिठाने आणखी एक गोष्ट शिकवली. दोन मोलर मिठाच्या पाण्याचा अपवर्तनांक साध्या पाण्यापेक्षा चांगलाच वर जातो. टर्फचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे प्रकाश पूर्ण परावर्तित होतो तो कोन, त्यामुळे 61 अंशांच्या आसपासून 63 कडे सरकतो. कमी मिठाच्या बफरवर बसवलेला कोन जास्त मिठाला पुरत नाही, किंवा पुरला तरी प्रकाश किती खोल शिरतो ते बदलतं. मिठाचा प्रत्येक टप्पा बदलला की कोन पुन्हा तपासायचा. कॉन्फोकललाही याची झळ लागते, ठिपका थोडा पसरतो. पण फ्रेट हे दोन रंगांचं गुणोत्तर असल्यामुळे ते बरंचसं पचवलं जातं. ठिपका काचेपासून फार खोल नेला नाही की झालं. मीठ कुठलंही असो, बफर ॲक्टिव्हेटेड चारकोलवरून काढून, गाळून मगच वापरा. मिठाच्या बाटलीतली चकाकणारी घाण पिकोमोलर कामात लगेच दिसते.

काच आणि पावसाळा

इथवरचं वाचून कुणी म्हणेल की दोन्ही बाजू सारख्याच. प्रश्नाच्या हिशेबाने खरंच सारख्या आहेत. माझ्यापुरता तराजू कलला तो दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. कारण काचेचं आहे.

टर्फचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो: रेणू काचेला बांधला जावा, पण फक्त आपण बांधला तिथेच. नुसत्या काचेवर प्रथिन टाकलं तर ते वाटेल तिथे चिकटतं, चिकटून बिघडतं, आणि आपण मोजतो ते काचेवर मेलेल्या प्रथिनाचं वागणं. म्हणून काचेवर पेग या पॉलिमरचा दाट थर चढवतात. त्यातल्या थोड्या साखळ्यांच्या टोकाला बायोटिन असतं, त्यावर बायोटिनला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन, आणि त्यावर आपलं बायोटिन लावलेलं प्रथिन. सांगायला चार ओळी लागतात. करायला पूर्ण दिवस, एक रात्र आणि दुसरी सकाळ जाते.

आधी स्लाइडला हिऱ्याच्या ड्रिलने भोकं पाडायची. मग ॲसिटोन, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिथेनॉल, असं एकेकात सोनिकेटरमध्ये घुसळायचं. कुणी पिरान्हा वापरतं, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ते मुलांच्या हाती देताना मला आजही धडकी भरते. काच स्वच्छ झाली की अमिनोसिलेन. मिथेनॉलमध्ये थोडं ॲसेटिक आम्ल, त्यात सिलेन, त्यात काचा. मग पेग: बायकार्बोनेट बफरमध्ये विरघळवून, बुडबुडे काढून, थेंबभर एका काचेवर घ्यायचं, दुसरी काच वर टेकवायची आणि रात्रभर अंधारात ठेवायचं.

डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीत हे करून बघा. छान होतं. सकाळी काच धुतली, स्ट्रेप्टाव्हिडिन न घालता डाय लावलेलं प्रथिन वरून सोडलं, कॅमेरा लावला, की पडदा जवळजवळ काळा असतो. कुठे चार-दोन ठिपके. तोच खरा कस आहे.

मृग लागला की गणित बिघडतं. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत हवेतच इतकं पाणी असतं की सिलेनची बाटली उघडल्या क्षणापासून त्याची पाण्याशी अभिक्रिया सुरू होते. काचेवर एकसंध थर बसण्याऐवजी सिलेन सिलेनलाच जुळतं आणि गुठळ्या होतात. ओल धरलेल्या भिंतीला रंग द्यावा तसं ते होतं: दिसायला सगळीकडे लागलाय, पण धरलाय कुठे कुठेच. त्यावर चढवलेला पेगचा थरही मग ठिगळांचा होतो.

पेगचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या टोकाला असलेला एस्टर पाण्यात जास्त वेळ टिकत नाही, म्हणून पावडर उणे 20 अंशांवर कोरडी ठेवायची असते. फ्रीझरमधून कुपी काढली की जुलैच्या हवेत तिच्यावर लगेच घाम सुटतो. ती बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी हे सगळ्यांना माहीत असतं, आम्हीही तसंच करतो. तरी झाकण उघडून चमचा आत जाईस्तोवर पावडर ओल धरते. वजन तेवढंच भरतं, पण त्यातलं किती पेग अजून जिवंत आहे हे काट्यावर दिसत नाही. ते दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर दिसतं, काळ्या पडद्याऐवजी ठिपक्यांनी भरलेल्या आकाशात.

आणि यात सगळ्यात त्रासदायक गोष्ट ही की काच वाईट आहे हे प्रयोग मांडल्यावरच कळतं. प्रथिन शुद्ध केलेलं, डाय लावलेला, कॉलम चालवलेला, ऑक्सिजन खाणारं मिश्रण तयार, डाय लुकलुकू नये म्हणून लागणारं ट्रोलॉक्स आदल्या दिवशीच विरघळवून मुरवलेलं, आणि पहिल्याच चौकटीत समजतं की आज काही होणार नाही. त्याच काचांच्या खेपेतली दुसरी काच मात्र बरी निघते. म्हणजे काचा वाईट असं सरसकट म्हणताही येत नाही आणि चांगल्या म्हणून भरवसाही धरता येत नाही. प्रथिन खराब, डाय खराब की काच खराब, या संशयात आठवडे जातात. एमएस्सीच्या मुलीचा प्रकल्प जुलैत सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. तिने तो काळ काच धुण्यात घालवावा असं मला वाटत नाही.

यावर उपाय नाहीत असं मुळीच नाही. नायट्रोजन भरलेला ग्लोव्हबॉक्स असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. पण ग्लोव्हबॉक्स ज्यांच्याकडे आहे त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. डिह्युमिडिफायरने खोली साठ टक्क्यांखाली आणता येते, पण दार उघडलं की काटा पुन्हा वर जातो. पेगऐवजी डायक्लोरोडायमिथाइलसिलेन आणि ट्वीन-20 (साबणासारखा पदार्थ) यांची पद्धत 2014 मध्ये आली. ती जलद आहे आणि प्रथिनांना चांगली मानवते. पण तेही सिलेनच, पाण्याशी वैर असलेलं. तयार पेगच्या काचा विकतही मिळतात. आमच्याकडे त्या कोरड्या बर्फात निघाल्या आणि कुरिअरच्या गोदामात अडकून पडल्या. आंबा घाटात दरड कोसळली की दोष कुणाला द्यायचा?

एक महत्त्वाचा अपवाद इथेच सांगतो. तुमचं काम नुसत्या डीएनए किंवा आरएनएवर असेल तर पेगची गरजच नाही. बायोटिन लावलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) काचेवर सोडा, पाच मिनिटं थांबा, धुवा, वर स्ट्रेप्टाव्हिडिन. डीएनए या पृष्ठभागावर नको तिथे चिकटत नाही. ही काच जुलैतही होते, आषाढातल्या मुसळधार पावसातही होते. तेव्हा माझी तक्रार आहे ती प्रथिनांच्या काचेबद्दल. डीएनएवाल्यांनी वरचे पाच परिच्छेद मनावर घेऊ नयेत. त्यांना टर्फ कोकणात अगदी सुखाने चालेल.

कॉन्फोकलच्या खोड्या

कॉन्फोकलला काचेचा जाच अजिबात नाही असंही नाही. पन्नास पिकोमोलरला थेंबातले रेणू काचेला चिकटून संपतात आणि अर्ध्या तासात पडदा ओसाड होतो. पण त्यासाठी काचेवर बीएसए फिरवून धुतलं, किंवा बफरमध्ये 0.01 टक्का ट्वीन-20 घातलं, की पुरतं. रेणू काचेपासून दूर पाण्यात आहेत, तेव्हा काच सुरेख असायची गरज नाही, नुसती निरुपद्रवी असली तरी चालतं. सगळा फरक इथे आहे.

खरी खोडी अलाइनमेंटची. पिनहोल, दोन एपीडी डिटेक्टर, दोन लेझर, हे सगळं एकाच ठिपक्यावर आणायचं आणि ठेवायचं. त्यात नव्या माणसाची पहिली काही आठवड्यांची चिकाटी जाते. रोज सकाळी रोडामाइनच्या पातळ द्रावणाने तपासायचं: आकडा कालच्याएवढा आहे का, एफसीएसचा (रेणू किती वेगाने फिरतात ते सांगणारी पद्धत, ती पुढे येते) वक्र कालच्याच जागी पडतो का. हळूहळू हाताला कळायला लागतं. मला हे काम आवडतं, कदाचित म्हणूनही माझं मत थोडं झुकलेलं असेल.

दुसरी खोडी एपीडीची. हे डिटेक्टर एकेक फोटॉन मोजतात, त्यामुळे चालू असताना ट्यूबलाइटचा उजेड आत गेला तर ते कायमचे जाऊ शकतात. आमच्याकडे लाईट जाते आणि येते. आली की खोलीतले सगळे दिवे एकदम लागतात, कारण बटणं चालूच राहिलेली असतात. म्हणून डिटेक्टर यूपीएसवर, खोलीचे दिवे वेगळ्या बटणावर, आणि प्रकाशाची सगळी वाट काळ्या डब्यात बंद. डबा नीट केला की खोली अंधारी करायचीही गरज राहत नाही, मुलं शेजारी बसून वहीत लिहू शकतात. शेफिल्ड विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये ‘एसएमएफबॉक्स’ नावाच्या कॉन्फोकलचा आराखडा सॉफ्टवेअरसकट खुला केला. तो असाच डबाबंद आहे. स्वतः यंत्र बांधणाऱ्याने तो आधी वाचावा, मग दरपत्रकं मागवावीत.

तिसरी खोडी मात्र खोडी नाही, ती मर्यादा आहे. दोन वेगळे डाय लावलेले दोन रेणू एकमेकांना सैल धरून असतील, नॅनोमोलरच्या घरातली पकड असेल, तर 50 पिकोमोलरला ते सुटून जातात. बघायला जोडी उरतच नाही. टर्फमध्ये एक बांधून दुसरा दहा-वीस नॅनोमोलर मोकळा ठेवता येतो, कारण प्रकाश पातळ थरातच आहे. प्रथिना-प्रथिनांच्या जोडीवर काम असेल तर हा मुद्दा माझ्या सगळ्या काचपुराणापेक्षा मोठा आहे.

या खोड्यांच्या बदल्यात जे हातात पडतं ते थोडं नाही. लेझर आलटून पालटून लावले, म्हणजे ॲलेक्स केलं, की ज्या रेणूंवर ॲक्सेप्टर नाही किंवा आधीच जळलाय ते बाजूला पडतात. नाहीतर शून्य फ्रेटची ती टेकडी उलगडलेल्या प्रथिनात मिसळून गोंधळ घालते. आमच्या प्रथिनासारख्या कामात ॲलेक्सशिवाय मी पाऊलही टाकणार नाही. टर्फवरही ते करता येतं, पण कॅमेऱ्याच्या वेगाने. कॉन्फोकलवर ते मायक्रोसेकंदांत होतं, त्यामुळे एकाच रेणूच्या एकाच भेटीत दोन्ही उत्तरं मिळतात. विश्लेषणाला ‘फ्रेटबर्स्ट्स’ आहे, पायथॉनमधलं, मोफत, आणि त्याच्या नोटबुकवर बीएस्सीची मुलंही चटकन रुळतात.

शिवाय त्याच यंत्रावर, काहीही न हलवता, एफसीएस होतं. 1972 मध्ये मॅग्ड, एल्सन आणि वेब यांनी मांडलेली ही पद्धत रेणूंच्या गर्दीतला चढउतार मोजते आणि त्यातून ते किती वेगाने फिरतात, म्हणजे अंदाजे केवढे आहेत, ते सांगते. प्रथिन घडी सोडून फुगलंय की गोळा होऊन बसलंय हे फ्रेट करण्याआधी दहा मिनिटांत कळतं. मुंबईत टीआयएफआरमध्ये सुदीप्त मैती यांच्या गटाने अल्झायमरशी जोडलेल्या अमायलॉइड-बीटाच्या गुठळ्यांवर याच पद्धतीने काम केलंय. एका यंत्राच्या पैशात दोन पद्धती मिळणं छोट्या प्रयोगशाळेला फार मोलाचं आहे.

खोली, वीज, वारा

मोजमापाच्या यंत्राला जागा मानवावी लागते हे कोकणाला नवीन नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळेसाठी अलिबागची जागा पाहिली गेली आणि 1904 मध्ये ती तिथे सुरू झाली. आपल्या खोलीकडेही त्याच नजरेने बघा.

टर्फमध्ये फोकस काचेच्या पृष्ठभागावर ठेवायचा असतो. पावभर मायक्रॉन सरकला तरी ठिपके फुगतात. एसी चालू-बंद झाला, लाईट गेली, महामार्गावरून चिऱ्यांचा ट्रक गेला, की पुन्हा फोकस. ऑटोफोकस असेल तर बरं, तो महाग असतो. कॉन्फोकलमध्ये ठिपका पाण्यात मधोमध आहे, दोन मायक्रॉन वर गेला काय आणि खाली आला काय, हिस्टोग्रामला पत्ताही लागत नाही. लाईट गेली तरी यूपीएसवर मापन चालू राहतं, आणि नाही राहिलं तर तुकड्या-तुकड्यांनी घेतलेले क्षण एकत्र करता येतात. टर्फचा अर्ध्यात तुटलेला रेणूचा माग मात्र जोडता येत नाही. आमच्याकडे हा मुद्दा काचेच्या खालोखाल महत्त्वाचा ठरला.

खारा वारा दोघांनाही सारखाच खातो. स्क्रूला गंज, लेन्सवर बुरशी. ऑब्जेक्टिव्ह न वापरता ठेवायचे असतील तर लहान बल्ब जळत असलेल्या बंद कपाटात ठेवा. ही जुनी युक्ती महागड्या ड्राय कॅबिनेटइतकीच चालते, निदान माझ्या अनुभवात. एक गोष्ट मात्र दमट हवेच्या बाजूची आहे: कॉन्फोकलच्या वॉटर-इमर्शन ऑब्जेक्टिव्हवरचा पाण्याचा थेंब इथे सावकाश वाळतो. लांबलचक मापनात ते फार सोयीचं पडतं.

तरीही टर्फ घेणार असाल तर

जरूर घ्या. प्रश्न क्रमाचा, थांबण्याच्या वेळेचा, सैल जोडीचा असेल तर दुसरा इलाज नाही, आणि मिळेल ते सुंदर असेल. काचेचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका. निर्वात पिशवीत, नायट्रोजन भरून, उणे 20 वर ठेवलेल्या काचा काही महिने चालतात. पेगची मोठी बाटली मागवू नका, एकेका खेपेपुरत्या छोट्या कुप्या मागवा आणि उरलेलं टाकून द्या. जीव तुटतो, पण टाका. पावसाळ्यातल्या महिन्यांसाठी डीएनएचं एखादं काम हाताशी ठेवा, बीएसएच्या काचेवर होणारं. प्रथिन काचेला बिलकुल सोसत नसेल तर ते शंभरेक नॅनोमीटरच्या लिपिडच्या पिशवीत कोंडून ती पिशवी बांधायची पद्धतही आहे. मोठ्या रेणूंची ये-जा बंद होते, पण एकट्या प्रथिनाच्या घडीसाठी ती चांगली चालते.

आणि कुठलंही यंत्र मागवण्याआधी आपला नमुना घेऊन दोन्हींवर बसा. मुंबई-पुण्यातल्या संस्थांमधली मंडळी आधी नीट लिहून विचारलं तर वेळ देतात. आपलं प्रथिन, आपला डाय, आपला बफर न्या. काचाही इथेच बनवून न्या, तिथल्या तयार वापरू नका. त्यातली निदान एक खेप जुलैत बनवलेली असू द्या.